सीपीआरला पोचण्याआधीचा सीपीआर

कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटलं की कुणालाही दसरा चौकाजवळचं सरकारी रुग्णालय आठवतं. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. जुनी माणसं त्याला अजून थोरला दवाखाना म्हणतात. गगनबावड्यापासून चंदगडपर्यंत कुठेही काही गंभीर झालं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘सीपीआरला न्या.’

डॉक्टरांच्या भाषेत मात्र सीपीआर ही जागा नव्हे, कृती आहे. कार्डिओपल्मनरी रिससिटेशन, म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडलेल्या माणसाची छाती ठरावीक पद्धतीने दाबत राहून त्याचं रक्त फिरतं ठेवणं. हा दुसरा सीपीआर पहिल्या सीपीआरला पोचण्याआधी व्हावा लागतो: रस्त्यात, मंगल कार्यालयात, मैदानावर, रानात. गोंधळ नको म्हणून पुढे त्याला मी साधं ‘छाती दाबणं’ म्हणते.

लग्नात नाचताना, जिममध्ये, क्रिकेट खेळताना धडधाकट माणूस अचानक कोसळल्याचे व्हिडिओ गेल्या काही वर्षांत प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेले आहेत. ‘तरुण वयात ॲटॅक’ असं त्याखाली लिहिलेलं असतं आणि मग चर्चा होते ती कारणांची. कारणं शोधायलाच हवीत. पण मी ते व्हिडिओ बघताना भोवतालची माणसं बघते. कुणी त्याला उचलून बसवू बघतं, कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी पदराने वारा घालतं, ‘सरका, हवा येऊ द्या’ असा गलका होतो. सगळी जीव तोडून धडपडत असतात. त्याच्या छातीवर मात्र एकही हात नसतो.

झटका वेगळा, बंद पडणं वेगळं

उसाच्या रानाचं उदाहरण घेऊ. नदीवर मोटर आहे, पाइपलाइनने पाणी रानात येतं, तिथून पाटाने वाफ्या-वाफ्यात जातं. एखादा पाट मध्येच तुंबला तर त्याच्या पुढचा वाफा वाळू लागतो. बाकीच्या रानाला पाणी चालूच असतं.

हार्ट ॲटॅक म्हणजे हे तुंबणं. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते नेणारी एखादी धमनी बंद झाली की तेवढ्या भागातला स्नायू मरू लागतो. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. छातीत दाब येतो, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, धाप लागते. अशा माणसाची छाती दाबायची नाही. त्याला बसवा, पायऱ्या चढू-उतरू देऊ नका, १०८ ला फोन करा. ‘ॲसिडिटी असंल’ म्हणून सोडा पिऊन आडवं होण्यात आपल्याकडे किती तास वाया जातात, हे हृदयाच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

कार्डिॲक अरेस्ट म्हणजे नदीवरची मोटरच बंद पडणं. मग एका वाफ्याचा प्रश्न राहत नाही, सगळं रान कोरडं पडतं. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो, पण शरीरातला २० टक्के ऑक्सिजन एकटा वापरतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. रक्त थांबल्यावर साधारण ४ ते ६ मिनिटांत त्याच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते.

पाट तुंबल्याने कधी कधी मोटरही बंद पडते, म्हणजे ॲटॅकमधून अरेस्ट होतो. म्हणूनच बातम्यांत दोन्हीला एकच शब्द वापरला जातो. पण ॲटॅक न येताही हृदय बंद पडू शकतं. काहींच्या हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड असतो, काहींच्या हृदयातल्या विजेच्या वाटेत दोष असतो. तरुण खेळाडू कोसळतात तेव्हा मागे अनेकदा असं काही निघतं. विजेचा शॉक लागल्यावर आणि पाण्यात बुडाल्यावरही हृदय थांबतं. कारण कुठलंही असो, पहिल्या काही मिनिटांत जवळच्या माणसाने करायचं काम बहुतेक तेच राहतं.

दोर का हलत नाही

हृदय बंद पडतं म्हणजे ते नेहमीच निपचित होतं असं नाही. पुष्कळदा ते सुरुवातीला थरथरत असतं.

रस्सीखेच आठवा. गडी कितीही ताकदीचे असले तरी एका हाकेवर एकदम ओढलं तरच दोर सरकतो. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा ओढलं तर सगळे घामाघूम होतात आणि दोर जागचा हलत नाही. हृदयातल्या अब्जावधी पेशींना अशी हाक देणारा विजेचा एक ठिपका हृदयातच असतो. त्याची हाक गोंधळात हरवली की प्रत्येक पेशी आपापल्या मनाने आकसते. हृदय थरथरत राहतं आणि रक्त पुढे जात नाही. डॉक्टर याला फिब्रिलेशन म्हणतात.

यावर उपाय विजेचा शॉक. शॉकने हृदय ‘चालू’ होतं असा समज सिनेमांनी करून दिलाय, पण होतं उलटं. शॉक सगळ्यांना एका क्षणात दोर खाली टाकायला लावतो. मग मूळ हाक पुन्हा ऐकू येण्याची संधी मिळते. शॉकचं यंत्र येईपर्यंत रक्त फिरवण्याचं काम मात्र कुणाच्या तरी हातांना करावं लागतं.

घरघर हा श्वास नव्हे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत पुष्कळांना आचके येतात. तोंड उघडं, मधूनच घोरल्यासारखा, घशातून ओढल्यासारखा आवाज, मग मोठी गप्पगार फट, मग पुन्हा एक आचका. आपण याला घरघर म्हणतो. भोवतालच्या लोकांना वाटतं, श्वास चालू आहे, म्हणजे जीव आहे, वाट बघू. किंवा वाटतं की शेवट आला आणि कुणीतरी तुळशीपत्र घालून तोंडात पाणी सोडतं. पहिल्या समजात वेळ जातो, दुसऱ्यात ते पाणी श्वासनलिकेत जातं. बोलता-चालता माणूस अचानक कोसळला आणि अशी घरघर लागली, तर मेंदूच्या तळाशी थोडी धुगधुगी उरल्याची ती खूण आहे. छाती दाबायला घ्यायची वेळ तीच.

मी लहान असताना माझ्या आजोबांच्या अंथरुणाशी बसून ती घरघर ऐकली आहे. ते वर्षभर आजारी होते, घरच्यांना ठाऊक होतं, त्यांनाही. तिथे तुळशीचं पाणी योग्यच होतं. दीर्घ आजाराच्या शेवटाला पोचलेल्या माणसाची छाती दाबण्याबद्दल हा लेख नाही. सकाळी रंकाळ्यावर चार फेऱ्या मारणारा माणूस पाचव्या फेरीत कोसळतो, त्याच्याबद्दल आहे.

दुसरा घोटाळा फिटचा. मेंदूचं रक्त तुटल्यावर काही सेकंद हातपाय झटकले जातात. लगेच ‘कांदा आणा, चप्पल हुंगवा’ सुरू होतं. फिट असो वा नसो, कांद्याने काही होत नाही. झटके थांबल्यावर माणूस नीट श्वास घेतोय का ते बघा. घेत नसेल तर प्रश्न फिटचा उरत नाही.

नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मनगटात आपलीच नाडी लागते. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही? छाती नेहमीसारखी वर-खाली होते का ते दहा सेकंदांच्या आत बघा. होत नसेल, किंवा नुसते आचके असतील, तर सुरुवात करा.

हापसा

हाताने छाती दाबून रक्त कसं फिरेल, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनाही ते अनपेक्षितच सापडलं. कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर हे तिघे शॉकच्या यंत्रावर काम करत होते. प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर यंत्राचे जड पत्रे दाबले की शॉक देण्याआधीच रक्तदाब किंचित वर जातो, हे निकरबॉकरच्या लक्षात आलं. त्यातून १९६० मध्ये त्यांचा लेख आला आणि छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी रक्त फिरवता येतं हे जगाला कळलं. त्याआधी डॉक्टरांना छाती फाडून हृदय हातात धरून दाबावं लागे.

गावातला हापसा ज्याने हापसलाय त्याला पुढचं सांगायला नको. पहिल्या चार-पाच वेळा दांडा नुसता खाली-वर होतो, पाणी येत नाही. मग धार लागते. हात थांबवला की पाणी परत खाली उतरतं आणि पुन्हा पहिल्यापासून हापसावं लागतं. छातीचं अगदी तसंच. पहिले काही दाब नळ्यांमध्ये दाब तयार करण्यात जातात, मग रक्त मेंदूकडे आणि खुद्द हृदयाच्या स्नायूकडे जाऊ लागतं. मध्ये थांबलं की तो दाब काही क्षणांत कोसळतो. म्हणून सगळा भर न थांबण्यावर आहे. नीट दाबलं तरी नेहमीच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा रक्त फिरतं, पण मेंदूला तग धरायला तेवढं उपयोगी पडतं.

पद्धत अशी. माणसाला कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. पलंगावर किंवा गादीवर दाबलं तर गादीच दबते. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात. डाव्या बाजूला जाऊ नका. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, आणि कमरेपासून वजन टाका. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, ६ च्या पुढे नको. मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण वर येतानाच हृदयात पुन्हा रक्त भरतं. मोठ्याने मोजा.

मी पहिल्यांदा सरावाच्या पुतळ्यावर दाबलं तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘चपातीची कणीक मळायची नाहीये, अंग टाका.’ दोन मिनिटांत माझे दंड भरून आले. चांगल्या जोर मारणाऱ्या पोरालाही दोन मिनिटांपुढे तेवढंच खोल दाबणं जमत नाही. त्याला स्वतःला ते कळत नाही, बघणाऱ्याला कळतं. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला, आणि बदलताना मोजणी तुटू देऊ नका.

तोंडाने श्वास द्यायला शिकलेली माणसं ३० दाब आणि २ श्वास असं करतात. शिकला नसाल किंवा नको वाटत असेल, तर अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाला नुसती छाती दाबत राहिलात तरी चालतं. अंगात पहिल्या काही मिनिटांपुरता ऑक्सिजन शिल्लक असतो, तो फक्त फिरवायचा असतो.

‘उचला आणि गाडीत घाला’

आपल्याकडचा पहिला आवाज हाच असतो, आणि तो मायेचाच असतो. पण हिशेब बघा. छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. गगनबावडा कोल्हापुरापासून ५५ किलोमीटर, चंदगड शंभराच्या पुढे. ते सोडा, शुक्रवारी संध्याकाळी महाद्वार रोडवरून थोरल्या दवाखान्यापर्यंत चार मिनिटांत गाडी काढून दाखवा. जीपच्या मागच्या सीटवर, वळणावर हेलकावे खात, गुडघे दुमडलेल्या माणसाची छाती दाबता येत नाही. रिक्षात तर नाहीच.

म्हणून कोसळला तिथेच सुरुवात करायची आणि १०८ ला बोलवायचं. २०१४ पासून राज्यात ही मोफत रुग्णवाहिका आहे. फोन स्पीकरवर ठेवा म्हणजे हात मोकळे राहतात. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा: दूध संस्था, तालीम, साखर कारखान्याचं गेट. एका माणसाला फाट्यावर उभं करा.

‘बरगडी मोडली तर?’

मोडू शकते. उतारवयात बऱ्याचदा मोडते, हाताखाली कट्ट असा आवाज येतो आणि अंगावर काटा येतो. तरी थांबायचं नाही. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळते.

‘हृदय चालू असेल आणि आपण उगाच दाबलं तर?’ बहुतेक वेळा तो माणूस कण्हतो, हात झटकतो, तुम्हाला ढकलतो. तुम्ही थांबता. छाती दुखते, क्वचित बरगडीला इजा होते, त्याहून मोठं नुकसान विरळा. उलट चूक, म्हणजे बंद हृदय चालू समजून बसून राहणं, सुधारता येत नाही.

पोलिसांचं लचांड

ही भीती खरी होती, तिला हसण्यात अर्थ नाही. म्हणूनच कायदा बदलला. रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. स्वतःचं नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

हे कलम वाहन अपघातांपुरतं आहे, हेही सांगायला हवं. लग्नात कोसळलेल्या माणसासाठी आधार आहे तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ९२ होतं, म्हणजे हे संरक्षण फार आधीपासून आहे. आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ती बाई असली तर

घराबाहेर कोसळलेल्या स्त्रियांची छाती दाबायला अनोळखी लोक पुरुषांच्या तुलनेत कमी वेळा पुढे येतात, हे अमेरिकेतल्या अभ्यासांतही दिसलं आहे. आपल्याकडे संकोच अधिकच. लोक काय म्हणतील, तिच्या घरचे काय म्हणतील.

हात ठेवायची जागा छातीच्या मधल्या हाडावर आहे. साडी-ब्लाउज काढायची गरज नाही, कपड्यांवरूनच दाबा. जवळ बाई असेल आणि तिला येत असेल तर तिला पुढे करा, पण बाई शोधण्यात एक मिनिटही घालवू नका. बाकीच्यांनी पाठ करून कडं करावं, म्हणजे आडोसाही होतो आणि मोबाइलही बाहेर राहतात. बचत गटाच्या बैठकीत हे एकदा करून बघायला काय हरकत आहे? जमिनीवर घट्ट बांधलेली उशी सरावाला चालते. सराव जिवंत माणसावर मात्र कधीही करू नका.

पंचगंगेत बुडालेला पोरगा

इथे एक फरक आहे. बुडालेल्याच्या अंगातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो, नुसतं रक्त फिरवून भागत नाही. त्याला आधी श्वास हवा. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडावर तोंड घट्ट लावून छाती वर येईपर्यंत फुंकर. आधी श्वास, मग ३० दाब, मग २ श्वास. लहान मुलांनाही श्वास लागतातच, आणि त्यांची छाती एका हाताने, तिच्या जाडीच्या एक तृतीयांश इतकी दाबायची.

पायाला धरून गरगर फिरवणं, पोटावर दाबून पाणी काढणं, मिठात पुरणं, यातलं काहीही करू नका. पोट दाबलं की पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जातं. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या जिल्ह्यात, जिथे पोरं अजून विहिरीवर पोहायला शिकतात, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं.

रानात मोटरच्या स्टार्टरपाशी कुणाला शॉक लागला तर मात्र आधी वीज तोडा. करंट चालू असताना हात लावलात तर दोघे जाल.

शाहू स्टेडियमवर ती पेटी असावी

१२ जून २०२१. फुटबॉलच्या युरो स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड सामना. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन चेंडू येत असताना मैदानावर पडला, कुणाचा धक्काही न लागता. पेठापेठांत ती रात्र अनेकांनी जागून बघितली असेल. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती पाठमोरं कडं केलं, आत डॉक्टरांनी छाती दाबली, एक शॉक दिला आणि तो शुद्धीवर आला. तीन वर्षांनी, २०२४ च्या युरोत, त्याच एरिक्सनने स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला.

तो शॉक देणाऱ्या यंत्राची छोटी आवृत्ती, एईडी, ही डब्याएवढी पेटी असते. झाकण उघडलं की ती बोलून सांगते: चकत्या कुठे चिकटवा, कधी दूर व्हा. हृदयाचा ताल ती स्वतः तपासते आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे न शिकलेल्या माणसाच्या हातूनही चूक होणं अवघड. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल सामन्याला हजारोंनी जमणाऱ्या या शहरात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत, अंबाबाईच्या नवरात्रात अशी पेटी हाताशी असली पाहिजे आणि ती कुठे टांगली आहे हे लोकांना माहीत असलं पाहिजे. प्रत्येक तालमीने गणपतीच्या वर्गणीतून एक घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

सगळं करूनही माणूस गेला तर

जाऊ शकतो. छाती दाबल्याने जगण्याची शक्यता दुप्पट, कधी तिप्पट होते, पण ती मुळातच कमी असते. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या बहुतेक माणसांना सगळीकडची उत्तम व्यवस्थाही वाचवू शकत नाही. घरच्या माणसाची छाती दाबली आणि तो गेला, तर ‘माझंच काही चुकलं’ हा सल वर्षानुवर्षं राहतो. पण ते हृदय तुमचे हात लागण्याआधीच थांबलेलं होतं. तुमच्या हातून ते थांबलं नाही.

१०८ ची माणसं येऊन ‘आता आम्ही घेतो’ म्हणेपर्यंत, किंवा तो माणूस स्वतः हलून नीट श्वास घेऊ लागेपर्यंत हात काढू नका. ती आली की त्यांना तीन गोष्टी लागतात: किती वाजता कोसळला, किती वाजता दाबायला सुरुवात केली, शॉक दिला असेल तर किती वेळा. गडबडीत पाच मिनिटं आणि पंधरा मिनिटं सारखीच वाटतात. म्हणून गुडघे टेकतानाच शेजारच्याला सांगा, ‘किती वाजले बघ, आणि लक्षात ठेव.’